विकिपीडियावरचं बिघडवलेलं पान परत जागेवर कसं आणायचं

मराठी विकिपीडियावर एखाद्या गावाचं पान उघडावं तर तिसऱ्या ओळीत "आमचे लाडके दादा" आणि पुढे दहा आकडी मोबाईल नंबर, किंवा किल्ल्याच्या पानावरचा इतिहासाचा अख्खा विभागच गायब, असं दिसलं की बहुतेक लोक एकतर टॅब बंद करतात नाहीतर तो मजकूर हाताने खोडत बसतात. दोन्हीची गरज नसते. विकीवर सेव्ह झालेली प्रत्येक आवृत्ती जपून ठेवलेली असते, पान पहिल्यांदा तयार झालं त्या दिवसापासूनची, त्यामुळे जुना मजकूर परत आणायला नव्याने काही टाइप करावं लागत नाही. आणि त्यासाठी प्रचालक (जास्तीचे अधिकार असलेला सदस्य) वगैरे असावं लागत नाही, खातं नसलं तरी चालतं. (तरी खातं काढाच, का ते पुढे येईल.)

बटण दाबणं सोपंच आहे. कठीण काम आहे ते पान नेमकं कुठपासून बिघडलं ते शोधायचं, आणि तिथेच सगळ्यांची गडबड होते. लोक सगळ्यात वरचा बदल उलटवतात, पान बरं दिसायला लागतं, खूश होऊन निघून जातात, आणि त्याच्याही आधी कुणीतरी केलेला घोळ तसाच खाली राहतो, उलट आता त्याच्यावर "दुरुस्त केलं" असा शिक्का बसल्यासारखं होतं कारण नंतर येणारा माणूस बघतो की अरे, हे कुणीतरी कालच तपासलेलं दिसतंय. म्हणून या लिहिण्यातला बराच भाग शोधण्यावरच आहे.

आधी इतिहास

पानाच्या वर "इतिहास पहा" असा टॅब असतो, तो उघडा. एकाखाली एक ओळी दिसतील, सगळ्यात नवा बदल वर. प्रत्येक ओळीत वेळ, कुणी केला, पानाचा आकार, किती बाइट वाढले किंवा कमी झाले तो आकडा, आणि बदल करणाऱ्याने लिहिला असेल तर सारांश, म्हणजे काय बदललं आणि का ते सांगणारी एक ओळ. "छो" दिसलं तर ते छोटं संपादन म्हणून खूण केलेलं, पण ती खूण करणारा स्वतःच करतो, त्यामुळे "छो" म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका, उत्पाती लोकांनाही तो चौकोन टिक करता येतो.

मोबाईलवरून करत असाल तर पानाच्या अगदी तळाला डेस्कटॉप व्ह्यूची लिंक असते, ती दाबा आणि फोन आडवा धरा. एखादी ओळ दुरुस्त करायला मोबाईल व्ह्यू ठीक आहे पण दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं काम त्यात नीट होत नाही.

बाइटच्या आकड्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत तो आकडा फसवतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. "मराठी" हा एवढासा शब्द 15 बाइटचा होतो. इंग्रजी विकीवर 3000 बाइट गेले म्हणजे चारपाचशे शब्द गेले, आपल्याकडे तेवढ्यात जेमतेम दोनतीन परिच्छेद जातात. त्यामुळे लाल आकडा (म्हणजे कमी झालेले बाइट) मोठा दिसला म्हणून लगेच हादरून जायचं कारण नाही. कुणी देवनागरी आकड्यातलं साल बदलून इंग्रजी आकड्यात केलं तरी उणे 8 दिसतं, आणि त्यात काहीच वाईट नाही.

उलट खरी भीती शून्याची. समजा कळसूबाईच्या पानावर उंची 1646 मीटर लिहिली आहे आणि कुणी ती 1466 केली. बाइटमध्ये फरक 0. सारांश रिकामा. यादीत ही ओळ इतकी गरीब दिसते की नजर तिच्यावरून घसरते, आणि महिनोनमहिने महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर दीडशेहून जास्त मीटरनी बुटकं होऊन बसतं, तिथून शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जातं, व्हॉट्सॲपवर जातं. शिवीगाळ कुणीतरी लवकर काढतंच, डोळ्यात खुपते ना. शांतपणे बदललेला आकडा किंवा तारीख टिकून राहते. 2005 साली इंग्रजी विकिपीडियावर जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी ते केनेडी हत्येतले संशयित होते असं धडधडीत खोटं घुसवलं होतं, ते साधारण चार महिने तसंच राहिलं आणि तेवढ्यात दुसऱ्या साइट्सनी कॉपीही केलं. भाषा सभ्य होती, वाक्यरचना चरित्रासारखी होती, म्हणून कुणाला खटकलंच नाही.

फरक वाचायला शिका

इतिहासातल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "चालू" आणि "मागील" अशा दोन लिंक असतात. "मागील" दाबलं की त्या एका बदलाने काय केलं ते दिसतं, डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं, बदललेला भाग रंगवलेला. "चालू" दाबलं की त्या आवृत्तीपासून आजपर्यंत एकूण काय बदललं ते. मला दुसरी लिंक जास्त कामाची वाटते. पान बिघडलेलं दिसतंय पण कधी ते माहीत नाही तेव्हा खाली खाली जाऊन एखादी जुनी, भरवशाच्या सदस्याने केलेली आवृत्ती पकडायची, तिच्या "चालू" वर क्लिक करायचं, आणि मधल्या सगळ्या बदलांचा एकत्र निकाल बघायचा. पाच जणांनी वीस बदल केलेले असले तरी निव्वळ परिणाम एका पानावर समोर येतो. ओळींच्या बाजूला गोल बटणं असतात ती वापरून कुठल्याही दोन आवृत्त्यांची तुलना करता येते, तीही पद्धत तीच.

इतिहास फार लांब असेल आणि एखादं विशिष्ट वाक्य कधी घुसलं ते शोधायचं असेल तर एक एक ओळ उघडू नका. मधलीच एक आवृत्ती उघडा, वाक्य आहे का बघा, असेल तर अजून मागे जा, नसेल तर पुढे या, दरवेळी उरलेल्याच्या मधोमध. शेकडो बदल असले तरी थोड्याच क्लिकमध्ये सापडतं. हेच काम करून देणारी विकीब्लेम नावाची टूल पण आहे, वाक्य द्या, ती शोधून देते.

मराठीत अजून एक गंमत होते. कधी कधी फरकाच्या पानावर डावीकडे आणि उजवीकडे अगदी तोच शब्द दिसतो, "दऱ्या" आणि "दऱ्या", पण रंगवलेला. काही बदललेलंच नाही मग रंग कसला? ते असं की "ऱ्य" आणि "ऱ्ह" मधला अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एकात वेगळा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला सारखं, आतून वेगळं, पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की तीन बाइट वाढतात. कुणाच्या कीबोर्डने किंवा एखाद्या सांगकाम्याने (आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामने) केलेलं असतं. असले बदल उत्पात समजून उलटवत बसू नका.

कुणी केलंय आणि कशासाठी

उलटवायच्या आधी अर्धा मिनिट हा विचार करा, कारण पुढची पद्धत यावर ठरते. शिव्या, "हाय हॅलो", पान रिकामं करणं, मित्राला सरपंच करून टाकणं, हा उघड उत्पात, इथे विचार करायचा नाही, सरळ उलटवा. पण मराठी विकीवर येणारे बरेच नको असलेले बदल या प्रकारातले नसतात. कुणीतरी श्रद्धेने प्रत्येक नावापुढे "थोर", "महान", "प्रातःस्मरणीय" लावलेलं असतं. कुणी वर्तमानपत्रातला अख्खा लेख चिकटवलेला असतो. कुणी भाषांतराच्या मशीनमधून काढलेले परिच्छेद तसेच टाकलेले असतात, ज्यात नदीचा "बँक" म्हणजे पैशांची बँक झालेली असते. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आला की कॉलेजांमध्ये विकीच्या कार्यशाळा होतात आणि "अलीकडील बदल" हे ताज्या बदलांच्या यादीचं पान अशा हौशी संपादनांनी भरून वाहतं. या मुलांचे बदल उलटवायला लागतातच, पण त्यांना उत्पाती म्हटलं की ती परत येत नाहीत, आणि मराठी विकीवर नियमित काम करणारे तसेही थोडेच, येईल त्या माणसाला हाकलून आपल्याला परवडत नाही. अशांचा चांगला भाग ठेवायचा आणि बाकीचा काढायचा, म्हणजे अर्धंच उलटवायचं, ते कसं तेही सांगतो.

अनडू

फरकाच्या पानावर उजव्या बाजूच्या आवृत्तीच्या वर अनडूची, म्हणजे तो बदल उलटवायची लिंक असते, इतिहासाच्या ओळीतही असते. मराठी इंटरफेसमध्ये तिचं लेबल मराठीत दिसेल, मी इथे अनडूच म्हणतो कारण बोलताना सगळे तेच म्हणतात. ती दाबली की लगेच काही होत नाही, घाबरू नका. संपादनाची खिडकी उघडते, वर दाखवते की उलटवल्यावर काय फरक पडेल, खाली मजकूर, आणि सारांशाच्या जागी "अमुक यांची आवृत्ती परतवली" छापाचं वाक्य आपोआप भरलेलं. बघा, पटलं तर प्रकाशित करा.

आता यातली कामाची गोष्ट अशी की प्रकाशित करायच्या आधी खालच्या मजकुरात तुम्ही अजून हात घालू शकता. म्हणजे अनडू दाबायचं, बदल करणाऱ्याने दिलेला एक चांगला संदर्भ होता तो परत आत घालायचा, मग प्रकाशित. अर्धं उलटवणं म्हणतात ते हे.

अनडू फक्त शेवटच्या बदलालाच लागतं असंही नाही. आठ बदलांपूर्वीचा एखादा बदलही एकटा काढता येतो, नंतरच्या लोकांनी त्याच ओळींना हात लावला नसेल तर. आणि तुलनेसाठी लांबच्या दोन आवृत्त्या निवडल्या तर मधले सगळे बदल एका अनडूत निघतात.

मधे कुणी त्याच ओळी बदलल्या असतील तर मात्र विकी सांगते की हे आपोआप उलटवता येत नाही, हाताने करा. तेव्हा जुनी चांगली आवृत्ती दुसऱ्या टॅबमध्ये उघडायची, तिथे संपादनावर क्लिक करून खिडकीतला कच्चा मजकूर कॉपी करायचा आणि आजच्या पानात योग्य जागी चिकटवायचा. कॉपी कच्च्या मजकुरातूनच करा, वाचायच्या पानावरून केलीत तर दुवे, संदर्भ, साचे (अनेक पानांवर वापरायचे तयार तुकडे) सगळं गळून जाईल आणि नुसतं 1, 2, 3 असे चौकटी कंसातले मेलेले आकडे राहतील. असली "दुरुस्ती" केलेली पानं मराठी विकीवर बरीच सापडतात, आणि ती परत सरळ करणं मूळ उत्पातापेक्षा जास्त किचकट असतं.

अख्खी जुनी आवृत्ती परत आणणं

तीनचार जणांनी मिळून पानाची वाट लावली असेल तर एकेक अनडू करण्यात अर्थ नाही. इतिहासात शेवटची धड आवृत्ती शोधा, तिच्या तारखेवर क्लिक करा, पान त्या दिवशी जसं होतं तसं उघडेल, वर सूचना असेल की ही जुनी आवृत्ती आहे. तिथून संपादन दाबा, विकी पुन्हा बजावेल की तुम्ही जुनी आवृत्ती संपादित करताय, सेव्ह केलीत तर नंतरचे बदल जातील. तेच तर हवंय. पण प्रकाशित करायच्या आधी "बदल दाखवा" एकदा दाबाच, त्यात आजच्या पानाशी तुलना दिसते, आणि मधल्या काळात कुणी सांगकाम्याने पानाचा वर्ग (विषयवार गट) दुरुस्त केलेला, कुणी मृत्यूची तारीख संदर्भासह घातलेली, असलं काही चांगलं वाहून जाणार असेल तर तिथेच कळतं. ते तेवढं खाली हाताने परत घाला.

द्रुतमाघार नावाचा अधिकार काही सदस्यांना असतो, एका क्लिकमध्ये शेवटच्या माणसाने सलग केलेले सगळे बदल उडतात, मधे विचारणा नाही, सारांश लिहायची सोय नाही. नवीन असाल तर तुम्हाला ती लिंक दिसणारच नाही आणि तिच्यावाचून काही अडत नाही. तिची मर्यादा मात्र लक्षात ठेवा, ती फक्त शेवटच्या माणसाचे बदल काढते. एकाने सकाळी घाण केली, दुपारी दुसऱ्याने त्यात भर घातली, तर द्रुतमाघार पानाला सकाळच्या घाणीपाशी आणून सोडते. वर म्हटलेला गोंधळ तो हाच.

शहरांच्या नावांचं एक उदाहरण

2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. त्यानंतर लोकांनी पानापानांवर शोधा-आणि-बदला चालवलं. नाव बदललंय तर नवीन नाव लिहिणं बरोबरच, त्यात उत्पात काही नाही. पण मशीनसारखं सगळीकडे बदललं की काय काय होतं बघा. संदर्भातल्या जुन्या पुस्तकाचं छापील नाव बदलतं, म्हणजे त्या नावाचं पुस्तक अस्तित्वातच नाही असा संदर्भ तयार होतो. चित्राच्या फाइलच्या नावातला शब्द बदलतो आणि फोटोच्या जागी लाल लिंक येते. निजामशाहीच्या काळाबद्दलच्या वाक्यात एकविसाव्या शतकातलं नाव येऊन बसतं. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचंही नाव इथे बसल्या बसल्या बदललं जातं. आणि "औरंगाबादेत" चं "छत्रपती संभाजीनगरेत" होतं ते वेगळंच.

इतिहासात हे ओळखायला बाइट मदत करतात. "औरंगाबाद" 24 बाइट, "छत्रपती संभाजीनगर" मधल्या स्पेससकट 49, म्हणजे एका ठिकाणी 25 वाढतात. ओळीत अधिक 500 दिसलं आणि सारांशात काही नाही, तर वीस ठिकाणी बदललंय असं धरून चाला.

असा बदल पूर्ण उलटवला तर बरोबर केलेलंही जातं आणि वर राजकीय अर्थ चिकटतो की हा माणूस नावालाच विरोध करतोय. म्हणून इथे अनडू करायचं नाही, पान संपादनाला उघडून संदर्भ, फाइलची नावं, जुन्या काळची वाक्यं आणि बिहारवालं तेवढं हाताने परत करायचं, आणि सारांशात स्पष्ट लिहायचं, "शहराचे नवीन नाव कायम, फक्त पुस्तकाचे शीर्षक व चित्राचे नाव मूळ केले". वेळ लागतो पण भांडण लागत नाही.

सारांश लिहा

आपोआप आलेलं वाक्य उघड उत्पाताला पुरतं. बाकी वेळी कारण लिहाच. "संदर्भ नाही", "मजकूर वृत्तपत्रातून जसाच्या तसा घेतलेला, प्रताधिकार", "उंची चुकीची, आधीचा संदर्भित आकडा परत आणला". टोमणे मारू नका, सारांश नंतर बदलता येत नाही आणि तुमच्या नावासकट कायम इतिहासात राहतो. लक्षात घ्या की ज्याचा बदल उलटवला जातो त्याचं खातं असेल तर त्याला सूचना जाते, म्हणजे तुमची ती ओळ त्याच्या घंटेत वाजते.

नवीन माणूस असेल तर त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी टाका, उदाहरणार्थ: "नमस्कार, तुम्ही गावाच्या पानावर जत्रेची माहिती घातलीत ती उपयोगी आहे, पण तिला संदर्भ नसल्यामुळे सध्या काढली आहे. गॅझेटियर किंवा वृत्तपत्रातील दुवा असेल तर जरूर परत घाला. सरावासाठी धूळपाटी वापरता येईल." आणि खाली सही. एवढ्याने नाराज होऊन गेलेला माणूस परत यायची शक्यता राहते.

त्या माणसाचे बाकीचे बदल

हे बरेच जण विसरतात. एका पानावर आकडा बदलणारा तिथेच थांबत नाही, शेजारच्या चार पानांवरही गेलेला असतो. त्याच्या नावाशेजारी "योगदान" असतं, ते उघडा आणि सगळी यादी बघा. आता बऱ्याच विकींवर खातं नसलेल्यांचा आयपी पत्ता दिसत नाही, त्याऐवजी ~ आणि पुढे साल (उदाहरणार्थ ~2025-) अशा सुरुवातीचं तात्पुरतं खातं दिसतं, ते ब्राउझरशी जोडलेलं असतं आणि 90 दिवसांनी संपतं, त्यामुळे तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरने आलेला असू शकतो. म्हणून योगदान तर बघाच, शिवाय त्या पानाच्या इतिहासात आजूबाजूच्या वेळेला अजून कुठले तात्पुरते नंबर आहेत तेही बघा.

इतिहासात काहीच सापडत नाही तेव्हा

पानावर चुकीचं दिसतंय, इतिहासात मात्र सहा महिन्यांत एकही बदल नाही. डोकं खाजवायला लावणारा हा प्रकार आहे आणि याची तीन कारणं असतात. एक, चूक साच्यात आहे. साचा शेकडो पानांवर वापरलेला असतो, तो कुणी बिघडवला की सगळ्या पानांवर एकदम दिसतं. संपादनाच्या खिडकीच्या खाली त्या पानावर वापरलेल्या साच्यांची यादी येते, त्यातून संशयित साचा उघडून त्याचा इतिहास बघा. दोन, चूक विकिडाटावर, म्हणजे सगळ्या विकींच्या माहितीच्या सामाईक भांडारात आहे. मराठी विकीवरच्या पुष्कळ चरित्रांची माहितीचौकट (पानाच्या बाजूचा माहितीचा तक्ता) विकिडाटावरून ओढली जाते, जन्मतारीख, फोटो, पती किंवा पत्नीचं नाव सगळं. नट्यांच्या पानांवर कुणीतरी स्वतःलाच नवरा म्हणून घातलेलं असतं ते बहुतेक वेळा तिथूनच येतं. बाजूच्या साधनांमध्ये विकिडाटाची लिंक असते, तिथे जाऊन इतिहास बघा, अनडू तिथेही तसंच आहे, जुनी आवृत्ती थेट परत आणायची लिंकही असते. तीन, फोटो. फाइल कॉमन्सवर (सगळ्या विकींच्या फोटोंच्या सामाईक साइटवर) असते आणि कुणी त्याच नावावर दुसरा फोटो चढवला की इथल्या पानाचा इतिहास कोराच राहतो. कॉमन्सवर फाइलच्या पानावर खाली फाइलचा इतिहास असतो, जुन्या फोटोसमोर तो परत आणायची लिंक असते, लॉगिन मात्र लागेल.

हे सगळं दुरुस्त करूनही पान जुनंच दिसत असेल तर तो कॅशेचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा प्रश्न. पान संपादनाला उघडा आणि काहीही न बदलता प्रकाशित करा, इतिहासात नोंद होत नाही पण पान ताजं होतं. गुगलच्या सर्चमध्ये पुढे काही दिवस जुनंच दिसू शकतं, त्यावर विकीवरून काही करता येत नाही.

पानाचं नावच बदललं असेल तर

म्हणजे स्थानांतरण. हे मजकुराच्या अनडूने परत येत नाही. नवीन नावाच्या पानावरून पुन्हा जुन्या नावाला स्थानांतरण करायचं, जुन्या जागी फक्त पुनर्निर्देशन (नवीन नावाकडे आपोआप नेणारं पान) उरलेलं असेल आणि त्याला नंतर कुणी हात लावला नसेल तर ते साध्या सदस्यालाही जमतं, फक्त खातं थोडं जुनं असावं लागतं. नाहीतर प्रचालकांना सांगा. मजकूर कॉपी करून जुन्या नावाच्या पानावर चिकटवणं हा उपाय अजिबात करू नका, इतिहास दोन तुकड्यांत फाटतो, आणि विकीचा मजकूर मुक्त परवान्यावर असला तरी कुणी काय लिहिलं ते श्रेय त्या इतिहासातूनच मिळत असतं.

समोरच्याने परत तेच केलं तर

तुम्ही उलटवलं, त्याने परत घातलं. उघड उत्पात असेल तर परत काढा आणि प्रचालकांना कळवा, ते पान सुरक्षित करू शकतात किंवा सदस्याला रोखू शकतात. पण मतभेद असेल, जन्मतारखेचा वाद, जातीचा उल्लेख, किल्ला कुणी बांधला, तर एकदा उलटवून थांबा आणि लेखाच्या चर्चा पानावर जा. इंग्रजी विकीवर 24 तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक होऊ शकतो, आणि तुमचं म्हणणं बरोबर होतं हे तिथे ऐकून घेतलं जात नाही. छोट्या विकीवर नियमावर बोट ठेवणारं कुणी लगेच येत नसलं तरी भांडणात पानाचा इतिहास इतका लांबतो की नंतर शेवटची धड आवृत्ती कुठली हेच कळेनासं होतं. चर्चा पानावर उत्तर येत नसेल तर चावडीवर (विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर) टाका, तिथे जुनी मंडळी बघतात. तोपर्यंत चुकीची आवृत्ती दोन दिवस राहिली तरी चालेल. अपवाद हयात व्यक्तीबद्दलचा बदनामीकारक, संदर्भ नसलेला मजकूर, तो ताबडतोब काढायचा, चर्चा नंतर.

फोन नंबर आणि पत्ते

सुरुवातीला म्हटलेला तो मोबाईल नंबर उलटवल्यावर पानावरून जातो पण इतिहासात राहतो, जुनी आवृत्ती उघडली की कुणालाही दिसतो. पुष्कळदा तो नंबर टाकणाऱ्याचा नसतोच, कुणाला तरी त्रास द्यायला टाकलेला असतो. उलटवून झाल्यावर प्रचालकाला ती आवृत्ती लपवायला सांगा, पण चावडीवर नंबरसकट जाहीर करून नाही, शक्यतो ईमेलने, आणि तुमच्या सारांशातही तो नंबर लिहू नका. नंबर प्रचालकांच्याही नजरेआड जावा असं वाटत असेल, किंवा स्थानिक पातळीवर कुणी उत्तर देत नसेल, तर मेटा विकीवर (सगळ्या विकींच्या सामाईक कामांच्या साइटवर) स्टुअर्ड, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेले सदस्य असतात, स्थानिक व्यवस्था नसलेल्या विकींसाठी हे काम ते करतात.

खातं आणि पहारा

खातं काढा म्हटलं ते यासाठी की मग पानाच्या वरचा तारा दाबून ते पान पहाऱ्यावर ठेवता येतं, त्यावर कुणी काही केलं की तुमच्या यादीत दिसतं. आपलं गाव, तालुका, शाळेत शिकलेला एखादा किल्ला, आवडीचा लेखक, अशी वीसेक पानं ठेवा, जास्त ठेवलीत तर यादी बघायचा कंटाळा येतो. सेटिंगमध्ये विकिडाटावरचे बदलही त्याच यादीत दाखवायची सोय आहे, ती चालू करा, म्हणजे माहितीचौकटीतला तो स्वयंघोषित नवरा तुम्हाला घरबसल्या सापडेल.